मोजक्या गाठी आणि एक व्हायरस: दुर्मिळ आजारात पुरावा कसा उभा राहतो?



पीएचडीच्या सिनॉप्सिसचं प्रेझेंटेशन ज्यांनी दिलंय, त्यांना एक प्रश्न पाठ असेल. "सॅम्पल साइज किती?" मला तो विचारला गेला तेव्हा मी जरा पडलेल्या आवाजात "अकरा" म्हटलं. समितीतल्या एका सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "अकरा नमुन्यांवरून तुम्ही काय सिद्ध करणार?" मी काहीतरी पुटपुटले. दुर्मिळ आजार आहे, नमुने मिळत नाहीत, वगैरे. ही कारणं खरी होती, पण ते उत्तर नव्हतं.

उत्तर मला नंतर सापडलं, तेही पद्धतीशास्त्राच्या पुस्तकात नाही, तर माझ्याच विषयाचा इतिहास वाचताना. रोगप्रतिकारशक्ती कमी झालेल्या मुलांच्या मेंदूत क्वचित होणाऱ्या काही गाठी आणि त्यामागचा एक व्हायरस, यांचा हा इतिहास आहे. जगभरातून मिळून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या केसेस, आणि तरीही त्यातून निघालेला निष्कर्ष आज तीस वर्षांनंतरही टिकून आहे. त्याच काळात, त्याहून जास्त नमुने घेऊन मुलांच्या मेंदूतल्या गाठींचा दुसऱ्या एका व्हायरसशी संबंध दाखवला गेला होता, तो मात्र टिकला नाही. असं का झालं, हे समजून घेणं संशोधनाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचं आहे. म्हणून हा लेख.

सुरुवात जबड्यापासून

गोष्ट मेंदूपासून सुरू होत नाही. १९५७ मध्ये युगांडात, कंपालाच्या मुलागो हॉस्पिटलमध्ये डेनिस बर्किट नावाच्या सर्जनने एक लहान मुलगा पाहिला. त्याच्या जबड्याला एकाच वेळी अनेक ठिकाणी गाठी होत्या. पुढच्या वर्षी बर्किटने अशा मुलांवर पेपर लिहिला. २२ मार्च १९६१ रोजी लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये त्याचं व्याख्यान झालं आणि श्रोत्यांमध्ये अँथनी एप्स्टाइन हा तरुण पॅथॉलॉजिस्ट बसला होता. आफ्रिकेच्या ठराविक उष्ण, पावसाळी पट्ट्यातच ही गाठ होते, हे ऐकून त्याला वाटलं की यामागे एखादा व्हायरस असणार.

मग युगांडाहून विमानाने गाठींचे तुकडे लंडनला येऊ लागले. दोन-अडीच वर्षं हाती काहीच लागलं नाही. डिसेंबर १९६३ मध्ये धुक्यामुळे विमान मँचेस्टरला वळवलं गेलं आणि नमुना उशिरा, गढूळ होऊन पोचला. हा फेकायचा का? एप्स्टाइनने आधी एक थेंब मायक्रोस्कोपखाली पाहिला. गढूळपणा जंतूंमुळे नव्हता, गाठीतून सुटलेल्या जिवंत पेशी द्रवात तरंगत होत्या. त्या पेशी वाढवता आल्या आणि १९६४ मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्यांच्यात व्हायरस दिसला. एप्स्टाइन, बर्ट अचाँग आणि इव्हॉन बार यांचा पेपर त्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये आला. हाच एप्स्टाइन-बार व्हायरस, म्हणजे ईबीव्ही.

पुढचा धक्का फिलाडेल्फियातून आला. वेर्नर आणि गर्ट्रूड हेन्ले या जोडप्याच्या लॅबमधल्या एका तंत्रज्ञ मुलीच्या रक्तात या व्हायरसविरुद्धच्या अँटिबॉडीज नव्हत्या. तिला मोनोन्यूक्लिओसिसचा ताप आला आणि बरी झाल्यावर तिच्या रक्तात त्या दिसल्या. आधीचं रक्त जपून ठेवलेलं होतं म्हणूनच हा फरक कळला. १९६८ मध्ये ते छापून आलं. मग उघड झालं की हा व्हायरस फक्त आफ्रिकेतल्या त्या मुलांचा नाही. जगातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या शरीरात तो मुकाट्याने राहतो. माझ्यात असणार, तुमच्यातही असणार.

इथे एक कोडं तयार झालं आणि पुढचा सगळा लेख त्याच कोड्याभोवती फिरतो. जो व्हायरस जवळजवळ सगळ्यांकडेच असतो, तो एखाद्या गाठीत सापडला, तर त्याचा अर्थ काय लावायचा? गाठीत रक्त असतं, रक्तात लिम्फोसाइट असतात आणि काही लिम्फोसाइटमध्ये ईबीव्ही असतोच. म्हणजे तो तिथे गुन्हेगार म्हणून आहे, की गर्दीतला एक बघ्या म्हणून?

पहारा उठला की काय होतं

निरोगी माणसात ईबीव्हीला टी-पेशी धाकात ठेवतात. हा पहारा उठवणाऱ्या गोष्टी विसाव्या शतकात दोन मार्गांनी आल्या. एक माणसाने मुद्दाम आणली, ती म्हणजे अवयव प्रत्यारोपण. दुसरी न बोलावता आली, ती एड्स.

प्रत्यारोपणात नवा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती औषधांनी दाबावी लागते. १९६० च्या दशकात डेन्व्हरमध्ये थॉमस स्टार्झलचा गट किडनी प्रत्यारोपण करत होता. तिथल्या इस्रायल पेन या सर्जनच्या लक्षात आलं की या रुग्णांमध्ये लिम्फोमा जास्त दिसतोय. पेनने एक साधं पण चिवट काम केलं: ठिकठिकाणच्या डॉक्टरांकडून अशा केसेसची माहिती मागवून नोंदवही ठेवायला सुरुवात केली. १९७१ मध्ये किडनी प्रत्यारोपण झालेल्यांच्या मेंदूत नव्याने झालेल्या गाठींवर त्याचा आणि श्नेकचा पेपर 'लॅन्सेट'मध्ये आला. एरवी मेंदूपुरताच मर्यादित लिम्फोमा फार क्वचित होतो. या रुग्णांत मात्र तो मेंदूत पुन्हा पुन्हा दिसत होता. का, ते तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हतं. नोंदवहीचं काम मात्र चालू राहिलं.

मग मुलांचा प्रश्न पुढे आला. १९८० च्या दशकात सायक्लोस्पोरिन आल्यावर यकृत प्रत्यारोपण लहान मुलांमध्येही अधिक यशस्वी होऊ लागलं आणि पिट्सबर्गला गेलेल्या स्टार्झलच्या गटाकडे अशी मुलं येऊ लागली. तिथेच १९८५ मध्ये माँटो हो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की धोका सर्वांत जास्त कोणाला, तर ज्यांना प्रत्यारोपणानंतर आयुष्यात पहिल्यांदा ईबीव्हीची लागण होते त्यांना. प्रौढाच्या शरीराची व्हायरसशी जुनी ओळख असते, त्याच्या टी-पेशी तयार असतात. दोन वर्षांच्या मुलाची ती ओळख झालेलीच नसते. त्याला नवं यकृत मिळतं, दाता बहुतेक वेळा ईबीव्ही असलेला असतो आणि व्हायरसशी पहिली गाठ नेमकी औषधांनी प्रतिकारशक्ती दाबलेली असतानाच पडते. मुलंच का, या प्रश्नाचं मोठं उत्तर इथे आहे.

याच सुमाराला ह्यूस्टनमधल्या डेव्हिड व्हेटरची गोष्ट जगभर पोचली होती. जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेला, प्लास्टिकच्या निर्जंतुक बुडबुड्यात वाढलेला हा मुलगा. १९८३ मध्ये बहिणीचा अस्थिमज्जा त्याला दिला गेला आणि त्या मज्जेतून ईबीव्ही आला. फेब्रुवारी १९८४ मध्ये, बारा वर्षांचा असताना डेव्हिड गेला. त्याच्या शरीरात ठिकठिकाणी ईबीव्हीने वाढवलेल्या बी-पेशींच्या गाठी होत्या. तपासल्यावर कळलं की त्या सगळ्या एकाच पेशीची पिल्लावळ नव्हत्या, वेगवेगळ्या मूळ पेशींपासून झाल्या होत्या. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

मुलांच्या मेंदूत काय दिसत होतं

१९८२-८३ पासून अमेरिकेत लहान मुलांमधल्या एड्सच्या नोंदी होऊ लागल्या. बहुतेकांना लागण आईकडून आलेली होती. १९८८ मध्ये 'पीडिअ‍ॅट्रिक्स' या नियतकालिकात अशा मुलांमधल्या मेंदूच्या लिम्फोमावर पेपर आला. त्याच्या पहिल्या लेखकाचं आडनावही एप्स्टाइनच, पण हा लिऑन एप्स्टाइन, वेगळा माणूस. संदर्भ लिहिताना घोळ घालू नका, मी घातलाय.

लिम्फोमाचं निदान एका अर्थी अपेक्षित होतं. ईबीव्ही बी-पेशींचा जुना भाडेकरू, बी-पेशींची गाठ झाली तर नवल काय? पण १९९० मध्ये 'जामा'मध्ये चॅडविक आणि सहकाऱ्यांनी एचआयव्ही असलेल्या मुलांमधल्या वेगळ्याच गाठी नोंदवल्या. या स्मूथ मसलच्या गाठी होत्या. स्मूथ मसल म्हणजे आपल्या इच्छेने न चालणारा स्नायू: आतड्याच्या, श्वासनलिकेच्या, रक्तवाहिन्यांच्या भिंतीत असतो तो. लहान मुलांमध्ये अशी गाठ एरवी जवळपास ऐकिवातही नसते.

मेंदूत स्नायू कुठून आला, असं वाटेल. पण मेंदूतही रक्तवाहिन्या आहेत आणि त्यांच्या भिंतीत स्मूथ मसल आहे. नंतर जसजशा केसेस जमल्या तसं लक्षात आलं की एचआयव्हीच्या रुग्णांमध्ये या गाठी कवटीच्या आत आणि मणक्याच्या पोकळीत, बहुतेकदा मेंदूच्या बाहेरच्या जाड आवरणाला चिकटून होतात. प्रत्यारोपण झालेल्यांत त्या यकृतात जास्त दिसतात. स्कॅनवर ही गाठ मेनिंजिओमासारखी दिसू शकते. खरं काय ते पॅथॉलॉजिस्टने तुकडा पाहिल्याशिवाय कळत नाही.

म्हणजे १९९० मध्ये निरीक्षण होतं, स्पष्टीकरण नव्हतं. ते यायला पाच वर्षं लागली. त्याआधी दोन हत्यारं तयार व्हावी लागली, आणि ती दोन्ही १९८६ मध्ये तयार झाली.

हत्यार पहिलं: व्हायरस नक्की कुठल्या पेशीत आहे?

ईबीव्ही ज्या पेशीत मुक्कामाला असतो, तिथे तो दोन छोटे आरएनए प्रचंड प्रमाणात बनवतो. त्यांना 'ईबर' म्हणतात. एकेका पेशीत त्यांच्या दहा लाखांच्या घरात प्रती असू शकतात. येल विद्यापीठात जोन स्टाइट्झच्या लॅबने हे आरएनए आधी शोधले होते. १९८६ मध्ये होव आणि स्टाइट्झ यांनी ते पेशीच्या आत, जागेवरच दाखवण्याची पद्धत दिली. हेच इन सिटू हायब्रिडायझेशन. ईबरला चिकटेल असा प्रोब स्लाइडवर सोडायचा, मग रंग आणायचा. ज्या केंद्रकात व्हायरस आहे तेवढंच केंद्रक रंगतं.

यात नवीन काय? पीसीआरसाठी तुम्ही तुकडा वाटून घेता. गाठीच्या पेशी, रक्तातल्या लिम्फोसाइट, रक्तवाहिन्या, सगळ्याचं एकत्र वाटण. त्यात ईबीव्हीचा डीएनए सापडला तर तो कोणाचा, हे सांगता येत नाही. इन सिटूमध्ये तुकडा अखंड राहतो. रंगलेलं केंद्रक गाठीच्या पेशीचं आहे की शेजारून जाणाऱ्या लिम्फोसाइटचं, हे डोळ्यांनी दिसतं. बघ्या आणि गुन्हेगार वेगळे करता येतात.

१९९१ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या मॅकमहॉन आणि सहकाऱ्यांनी हेच एड्स रुग्णांच्या मेंदूतल्या लिम्फोमावर वापरलं. २१ पैकी २१ गाठींमध्ये ईबर सापडला, तोही गाठीच्या पेशींत. शरीरात इतरत्र होणाऱ्या एड्सच्या लिम्फोमांत असं शंभर टक्के प्रमाण दिसत नव्हतं. पेन आणि श्नेक यांना १९७१ मध्ये दिसलेल्या कोड्याचा हा मोठा तुकडा होता: मेंदूच्या आत पहारा आधीच विरळ, तो आणखी उठला की ईबीव्ही असलेल्या पेशींना मोकळं रान मिळतं.

हत्यार दुसरं: आधी व्हायरस की आधी गाठ?

समजा, गाठीच्या प्रत्येक पेशीत व्हायरस दिसला. तरी एक शंका उरते. गाठ आधी झाली आणि तिच्या पेशींत व्हायरस नंतर शिरला असेल तर? कारण आधी आणि परिणाम नंतर, हे दाखवायला हवं. पण झालेल्या गाठीकडे पाहून भूतकाळ कसा वाचणार?

नॅन्सी राब-ट्राउब आणि कॅथरीन फ्लिन यांनी १९८६ मध्ये 'सेल'मध्ये याची युक्ती दिली. मला ती अजूनही फार सुंदर वाटते. ईबीव्हीचा डीएनए व्हायरसच्या आत सरळ दोरीसारखा असतो. पेशीत शिरल्यावर दोरीची दोन टोकं जुळून वेटोळं होतं. टोकांवर एकच छोटा मजकूर पुन्हा पुन्हा लिहिलेला असतो आणि जुळताना त्यातल्या किती प्रती शिल्लक राहतील हे दर वेळी वेगळं. म्हणजे प्रत्येक नव्या लागणीत जोडाची लांबी वेगळी. पण एकदा वेटोळं झालं की पेशी दुभंगताना तीच लांबी लेकी-नातींकडे जाते.

आता गाठीतल्या डीएनएचा सदर्न ब्लॉट करा. व्हायरस नंतर, अनेक पेशींत स्वतंत्रपणे शिरला असेल तर वेगवेगळ्या लांबीच्या पट्ट्यांचा गोंधळ दिसेल. व्हायरस आधी शिरला आणि त्या एका पेशीपासून गाठ वाढली असेल तर एकच पट्टी. अंगठ्याच्या ठशासारखं. एका गाठीवरूनही हा प्रश्न सोडवता येतो, शंभर गाठी लागत नाहीत.

जानेवारी १९९५

'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या जानेवारी १९९५ च्या पहिल्या अंकात दोन पेपर एकामागोमाग छापले गेले. पहिला केनेथ मॅक्लेन आणि सहकाऱ्यांचा, एड्स असलेल्या मुलांच्या आणि तरुणांच्या स्मूथ मसल गाठींवर. दुसरा ली आणि सहकाऱ्यांचा, प्रत्यारोपणानंतर झालेल्या तशाच गाठींवर. दुसऱ्यात रुग्ण किती होते? तीन. पहिल्यातही फार नव्हते.

पण पेपर उघडून पाहिले की कळतं, आकड्यापेक्षा रचना बोलते. गाठीच्या स्नायूपेशींच्या केंद्रकांत ईबीव्ही दिसला. टोकांच्या जोडाची तपासणी केली, ती एकाच मूळ लागणीकडे बोट दाखवणारी निघाली. आणि मॅक्लेनच्या गटाने कंट्रोल म्हणून एचआयव्ही नसलेल्या लोकांच्या तशाच गाठी घेतल्या, त्यांच्या पेशींत इन सिटूने तो दिसला नाही. शिवाय एका पेपरमध्ये प्रतिकारशक्ती एचआयव्हीने गेलेली, दुसऱ्यात औषधांनी दाबलेली. कारणं दोन, गाठ एकच, व्हायरस एकच. म्हणजे गाठीला जबाबदार खुद्द एचआयव्ही असण्याची शक्यताही मागे पडली. दोन स्वतंत्र गटांनी दोन वेगळ्या दारांतून एकाच खोलीत पाऊल टाकलं होतं.

सरांच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. थोड्या नमुन्यांवरून 'किती टक्के मुलांना होतं' हे सांगता येत नाही, त्यासाठी आकडाच लागतो. पण 'कसं होतं' याचा प्रश्न नेमका विचारला, तर थोडे नमुनेही उत्तर देतात.

टिकला नाही तो संबंध

आता दुसरी बाजू. एसव्ही-४० हा माकडातला व्हायरस. पोलिओची लस रीसस माकडांच्या किडनीच्या पेशींवर वाढवली जायची. त्या काळी त्यातली बरीच माकडं भारतातूनच अमेरिकेला जात. १९६० मध्ये स्वीट आणि हिलमन यांना त्या पेशींत हा व्हायरस सापडला. तोवर लाखो लोकांना लस टोचून झाली होती. नवजात हॅमस्टरमध्ये या व्हायरसने गाठी होतात हेही दिसलं. काळजी रास्त होती.

१९९२ मध्ये बर्गसॅगेल आणि सहकाऱ्यांनी पीसीआरने मुलांच्या मेंदूतल्या दोन प्रकारच्या गाठी तपासल्या. कोरॉइड प्लेक्ससच्या २० पैकी १० आणि एपेंडिमोमाच्या ११ पैकी १० गाठींत एसव्ही-४० सारखे डीएनएचे तुकडे सापडले. ही मुलं प्रतिकारशक्ती गेलेली नव्हती, म्हणून ती आपल्या मुख्य गोष्टीत येत नाहीत. पण प्रश्न तोच होता: मुलाच्या मेंदूतल्या गाठीत व्हायरस सापडला, आता काय? नमुने ३१, म्हणजे लीच्या तीनपेक्षा दहापट.

पुढची दहा-बारा वर्षं काही लॅबना तो सापडत राहिला, काहींना अजिबात नाही. मेसोथेलिओमा या दुसऱ्या कर्करोगातही एसव्ही-४० असल्याचं म्हटलं जात होतं, तेव्हा नऊ लॅबना नमुने नाव न सांगता देऊन तपासणी झाली. निकाल जुळले नाहीत. २००४ मध्ये लोपेझ-रिओस आणि सहकाऱ्यांनी मेसोथेलिओमाच्याच संदर्भात दाखवलं की लॅबमध्ये रोज वापरल्या जाणाऱ्या प्लाझमिडमध्येच एसव्ही-४० चे तुकडे असतात आणि नेहमीचे प्रायमर त्यांनाही पकडतात. म्हणजे व्हायरस गाठीत नाही, ओट्यावर असू शकतो. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००२ मध्येच म्हटलं होतं की त्या लसीने कर्करोग होतो किंवा होत नाही, यापैकी काहीच ठरवायला पुरावा पुरेसा नाही.

यावर हसू नका. माझ्याच पहिल्या वर्षात पीसीआरमध्ये मला सुरेख पट्टी मिळाली होती. आनंदाने फोटो काढला, गाईडना पाठवला. त्यांचं उत्तर एका ओळीत: "पाण्याची लेन बघ." निगेटिव्ह कंट्रोलमध्येही तशीच पट्टी होती, फक्त जरा फिकट. तीन आठवडे पिपेटी पुसण्यात, पाण्याच्या बाटल्या बदलण्यात गेले. तेव्हा राग आला. आज वाटतं, त्या तीन आठवड्यांत मी जास्त शिकले.

घरच्यांना काय सांगायचं, तेही बदललं

हे सगळं लॅबपुरतं राहिलं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. एखाद्या मुलाच्या मेंदूच्या आवरणाला एक गाठ, यकृतात दुसरी, फुप्फुसात तिसरी सापडली, तर नेहमीच्या कर्करोगाच्या भाषेत अर्थ एकच होतो: पसरला, चौथी स्टेज. आईवडिलांना तेच सांगितलं जाईल.

२००६ मध्ये डायरप आणि सहकाऱ्यांनी १९ रुग्णांच्या २९ गाठी एकत्र अभ्यासल्या. एकाच रुग्णाच्या वेगवेगळ्या गाठींतला व्हायरस तपासला, तेव्हा त्या वेगवेगळ्या लागणींतून झाल्याचं दिसलं. म्हणजे एक गाठ पसरून दुसरी झाली नव्हती, प्रत्येक गाठ आपापली उगवली होती. आठवतंय, डेव्हिड व्हेटरच्या बी-पेशींबाबतही असंच काहीसं दिसलं होतं? 'पसरला' आणि 'अनेक ठिकाणी उगवला' यात उपचाराच्या दृष्टीने मोठा फरक आहे. पहिल्यात घातक प्रवासाचा माग काढायचा असतो. दुसऱ्यात मूळ जमीन सुधारायची, म्हणजे प्रतिकारशक्ती परत आणायची, आणि जी गाठ त्रास देते ती काढायची.

जमीन सुधारून फरक पडतो हे स्टार्झलने १९८४ मध्येच लिम्फोमांबाबत दाखवलं होतं: प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी केल्यावर काही गाठी विरघळल्या. एचआयव्हीत तेच काम १९९६ नंतरच्या एकत्रित औषधोपचाराने केलं, मेंदूच्या लिम्फोमाचं प्रमाण खाली आलं. आणि मुलांपुरता सर्वांत मोठा बदल त्याच्याही आधी झाला. १९९४ मध्ये दिसलं की गरोदर आईला आणि बाळाला झिडोव्ह्यूडिन दिलं तर बाळाला होणारी लागण साधारण दोन तृतीयांशाने कमी होते. म्हणजे ज्या गाठींचं कारण जानेवारी १९९५ मध्ये छापून आलं, त्या होऊच नयेत याची वाट त्याच सुमारास मोकळी झाली होती.

आपल्याकडे मात्र एक वेगळी अडचण आहे. एचआयव्ही असलेल्या मुलाच्या मेंदूत गाठ दिसली की पहिला संशय टीबीचा, दुसरा टॉक्सोप्लाझ्माचा. हा संशय चुकीचा नाही, आपल्याकडे टीबीच जास्त आहे. एकेटी सुरू होते, मूल सुधारतं का ते पाहिलं जातं. मेंदूतून तुकडा काढणं सोपं नाही, धोका असतो, सोय नसते. पण याचा परिणाम असा की ज्या मुलाला एकेटीने फरक पडला नाही, त्याला नक्की काय होतं ते बऱ्याचदा कागदावर येतच नाही. दुर्मिळ आजार आणि न नोंदवलेला आजार दुरून सारखेच दिसतात.

तुम्ही यातून काय घ्याल?

तीन गोष्टी, कारण तुमच्याही समितीत कोणीतरी पेन खाली ठेवणार आहे.

एक, आपला प्रश्न 'किती' चा आहे की 'कसं' चा, ते सिनॉप्सिस लिहिण्याआधी ठरवा. नमुन्यांची संख्या त्यावरून ठरते, उलट नाही.

दोन, 'सापडला' या शब्दावर थांबू नका. कुठल्या पेशीत सापडला, आधी आला की नंतर, आणि जिथे सापडायला नको तिथे खरंच सापडला नाही ना, हे तिन्ही विचारा. ईबीव्हीची गोष्ट या तीन प्रश्नांवर उभी राहिली, एसव्ही-४० ची त्यांच्यावरच अडखळली.

तीन, नमुने जपा आणि नोंदी ठेवा. हेन्लेंच्या फ्रीजमधलं जुनं रक्त, पेनची नोंदवही, डायरपच्या गटाने एकत्र केलेल्या २९ गाठी. यातलं काहीच जमवताना झगमगीत वाटलं नसेल. पॅथॉलॉजी विभागाच्या कपाटात पॅराफिन ब्लॉकवर नीट लिहिलेला नंबर हा वीस वर्षांनी येणाऱ्या कोणाच्या तरी संशोधनाचा पाया असतो. आणि त्या प्रत्येक ब्लॉकमागे एक मूल होतं, हे विसरू नये.

पुढच्या प्रेझेंटेशनला मला तोच प्रश्न परत आला. या वेळी मी म्हटलं, "अकरा, सर. पण प्रत्येकातली पेशी न् पेशी पाहणार आहे, आणि कंट्रोल बावीस आहेत." सर काही बोलले नाहीत. पण पेन त्यांच्या हातातच राहिलं.